लूसी विल्स आणि गर्भिणीचे रक्त

वैद्यकात पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांचा विषय निघाला, की आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर भागात पहिले नाव घेतले जाते ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे, आणि ते साहजिकच आहे. मूळच्या कल्याणच्या घराण्यातली ही मुलगी म्हणजे आपल्या अगदी शेजारची. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले, त्या दुःखाने तिला थेट अमेरिकेला नेले, १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेली. पदवीसाठी तिने प्रबंधाचा विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचाच. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर सव्वा वर्षाने इंग्लंडात एक मुलगी जन्माला आली. ती पुढे मुंबईत आली, परळला राहून काम करू लागली आणि गरोदर बायकांच्या रक्ताचे एक कोडे तिने उलगडले. लूसी विल्स हे तिचे नाव. वैद्यकाच्या इतिहासात ते जगभर घेतले जाते. परंतु ज्या गिरणगावातल्या बायकांमुळे हा शोध लागला, त्या गिरणगावात आणि तिथून उठून आपल्या बाजूला आलेल्या कुटुंबांत ते क्वचितच कानावर येते.

रक्त, गर्भ आणि औषधे यांवरचा लेख कलाशाखेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की या शोधाची सुरुवात प्रयोगशाळेच्या काचनळीपेक्षा बायकांच्या जेवणाच्या ताटातून झाली, आणि ताटात काय पडते हा अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचा प्रश्न आहे. आपल्या प्राध्यापकांना हे मान्य व्हावे.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. आजोबांनी विळे-कोयते बनवण्याचा कारखाना घेतला होता, तोच पुढे वडिलांनी चालवला. पण कारखानदाराच्या घरात असतो तसा पैशाचाच विचार तिथे नव्हता. पणजोबा वकील असूनही हवामानावर निबंध लिहीत. वडिलांना वनस्पती, प्राणी, खडक आणि छायाचित्रण यांचा नाद होता. भाऊ पुढे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ झाला. आजोबांचे एक भाऊ सर आल्फ्रेड विल्स हे गिर्यारोहक म्हणून प्रसिद्ध होते आणि न्यायाधीशही होते. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव निराळ्याच कारणाने भेटते. १८९५ साली ऑस्कर वाइल्डला सक्तमजुरीची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच. एकाच घराण्यातून किती तऱ्हेची माणसे निघतात!

चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत शिक्षण झाल्यावर १९०७ साली लूसी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ साली परीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा स्त्रियांची परीक्षा घेई आणि पदवी मात्र देत नसे. हा अन्याय दूर व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. ज्या वर्षी परीक्षा झाली त्याच वर्षी वडील वारले आणि दोन वर्षांनी थोरली बहीण सव्विसाव्या वर्षी गेली. त्यानंतरचा काही काळ त्यांनी प्रवासात घालवला. आईबरोबर सिलोनला गेल्या, मग भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला. तिथे असतानाच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. केपटाउनच्या एका इस्पितळात त्यांनी काही आठवडे स्वयंसेविका म्हणून रुग्णांची शुश्रूषा केली, आणि परत आल्या त्या डॉक्टर व्हायचे ठरवूनच.

जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. हे महाविद्यालय रॉयल फ्री हॉस्पिटलशी जोडलेले होते. आपल्याकडच्या वाचकाला हे ठिकाण परके वाटू नये. नवऱ्याच्या घरी जायला नकार देऊन सबंध हिंदुस्थानात गाजलेल्या रखमाबाई याच महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या होत्या. विल्सबाईंच्या काळात तिथे शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थिनींमध्ये बेने इस्रायल समाजातल्या जेरुशा झिराड होत्या. त्या पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि मुंबईतल्या बाळंतिणींच्या मृत्यूंचा त्यांनी मोठा अभ्यास केला. म्हणजे हिंदुस्थानचे वारे या महाविद्यालयात खेळतच होते.

१९२० साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी विल्सबाई डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. रॉयल फ्रीच्याच रासायनिक विकृतिशास्त्र विभागात त्या संशोधन आणि अध्यापन करू लागल्या. गरोदरपणी स्त्रीच्या शरीरात आणि रक्तात काय पालट होतात, हा विषय तिथेच त्यांच्या हाती आला.

त्या काळची स्थिती समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. गरोदर बाई पांढरीफटक पडते, जीभ सोलवटते, चार पावले चालली की धाप लागते, पाय सुजतात, आणि बाळंतपणाच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत ती मरते, असा एक भयंकर रक्तक्षय डॉक्टरांना ठाऊक होता. अशा आईचे मूल अनेकदा अपुऱ्या दिवसांचे किंवा किरकोळ अंगाचे जन्मे, वा पोटातच जाई. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने फार कमी पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. लोह कमी पडून जो साधा रक्तक्षय होतो त्यात पेशी लहान आणि फिक्या असतात, येथे नेमके उलटे. अशा मोठ्या पेशी म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या मारक रक्तक्षयात आढळत. म्हणून या रोगालाही गरोदरपणातील मारक रक्तक्षय असे नाव मिळून गेले होते. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवून दिले, की मारक रक्तक्षयाच्या रोग्याला रोज भरपूर कलेजी खाऊ घातली तर तो वाचतो. या कामगिरीला पुढे १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गरोदर बाईचा हा रोग तोच की वेगळा, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

मुंबईत हा रोग फार होता. हिंदुस्थानात स्त्रियांची वैद्यकीय सेवा उभारणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. त्या कामासाठी त्यांनी विल्सबाईंना बोलावले. १९२८ साली, चाळीस वर्षांच्या असताना, त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत रुजू झाल्या.

परळचे ते दिवस डोळ्यांपुढे आणावेत. हाफकिन संस्था म्हणजे गव्हर्नरसाहेबांचा जुना बंगला. प्लेगच्या साथीनंतर तिथे प्रयोगशाळा आली आणि १९२५ साली तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. जवळच के. ई. एम. इस्पितळ आणि गिरणी कामगारांच्या बायकांसाठी बांधलेले नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ सालची, म्हणजे नवी कोरी. भोवताली गिरण्यांची धुराडी आणि चाळी. गिरण्यांत बायका प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर असत. दिवस भरत आले तरी खाडा परवडत नसे. १९२८ च्या एप्रिलपासून गिरण्यांचा प्रचंड संप झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणारे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देऊन भाषण केले, आणि १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिला कायदा. बाहेर हे सारे चालले असताना विल्सबाई आत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या, असे चित्र रंगवता येईल. पण ते अपुरे होईल, कारण त्यांचे पहिले मोठे काम प्रयोगशाळेबाहेरचेच होते.

त्यांनी बायकांच्या आहाराची पाहणी केली. या कामात डॉ. तळपदे हे नाव त्यांच्याबरोबर येते, तर रुग्णांवरच्या निबंधात मेहता हे. परदेशी संशोधकाच्या मागे उभी असलेली आपली ही माणसे सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंद केली. वेगवेगळ्या थरांतल्या बायका दिवसभरात काय खातात, दूध किती, भाजी किती, फळ कधी मिळते का, घरात उजेड-वारा आहे का, अशी ती पाहणी होती. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. रोगाचे प्रमाण आणि ताटातले दारिद्र्य एकमेकांना धरून चालत होते. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान स्त्रियांचा होता, आणि हा रक्तक्षयही त्यांच्यातच सर्वांत जास्त. त्याच शहरात चांगले खाणाऱ्या घरच्या बायकांना तो क्वचित होई. तेव्हा दोष धर्माचा नव्हे, वंशाचा नव्हे आणि नशिबाचा तर नव्हेच. अन्नात काहीतरी नव्हते, आणि ते काय हे शोधायचे होते.

१९२९ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत त्यांनी आपले काम नीलगिरीतल्या कुन्नूरला हलवले. तिथल्या पाश्चर संस्थेत रॉबर्ट मॅकॅरिसन हे आहारशास्त्राचे मोठे संशोधक होते. विल्सबाईंनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या त्या गरीब बायकांचाच आहार द्यायला सुरुवात केली. उंदीर निस्तेज झाले, त्यांचे रक्त उतरले, आणि गाभण माद्या पिल्ले होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले की रोग टळे. आता कोडे सुटले असे कोणालाही वाटले असते. पण पुढे आढळले, की उंदरांच्या अंगावर उवा होत्या, त्या उवांमार्फत एका जंतूची बाधा झाली होती आणि त्या बाधेनेही रक्त कमी होत होते. म्हणजे पुरावा गढूळ झाला. महिनोन्‌महिन्यांच्या कष्टांवर उवांनी पाणी फिरवावे, यासारखी क्रूर थट्टा नाही. विल्सबाईंनी मात्र नव्याने सुरुवात केली आणि या वेळी माकडे घेतली.

या माकडांविषयी एक गोष्ट सांगतात. एक माकड अगदीच मरणाला टेकले होते. काहीच लागू पडेना तेव्हा बाईंनी निरुपाय म्हणून त्याला मार्माइट चारले, आणि ते चक्क उठून बसले. मार्माइट म्हणजे काय हे आपल्याकडे सांगावे लागेल. बिअर गाळल्यावर भट्टीत जो यीस्टचा गाळ उरतो त्याचा अर्क काढून केलेले हे काळपट, चिकट, खारट चाटण. इंग्रज ते पावाला लावून खातात. ज्यांनी ते चाखले आहे त्यांच्यात ते आवडणारे आणि न आवडणारे असे दोन तट आहेत, मधला कोणी नाही म्हणतात. विल्सबाईंच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण एकच होता. ते स्वस्त होते.

मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना त्यांनी हा अर्क दिला. काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक लागू लागली, चेहऱ्यावर रंग आला. ज्या बायकांसाठी घरच्यांनी आशा सोडली होती त्या पायांनी चालत घरी गेल्या. याचा वृत्तांत १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलातही काम केले.

येथवर ही एका यशस्वी उपचाराची गोष्ट झाली. त्यांची खरी बुद्धी दिसते ती पुढच्या पायरीवर. कलेजीचा ओबडधोबड अर्क दिला तर मुंबईच्या बायका बऱ्या होत. पण तोच अर्क शुद्ध करकरून मारक रक्तक्षयासाठी तयार केलेला दिला तर त्यांना गुण येत नसे, म्हाताऱ्या रोग्यांना मात्र येई. शिवाय मारक रक्तक्षयाच्या रोग्याच्या जठरात आम्ल नसते, या बायकांच्या जठरात ते होते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की कलेजीत रक्त वाढवणारे दोन वेगवेगळे पदार्थ असले पाहिजेत. शुद्ध करताना एक राहतो आणि दुसरा गळून जातो. यीस्टमध्ये आहे तो हा दुसरा. त्यालाच पुढे विल्स घटक असे नाव पडले. जो पदार्थ कोणी पाहिला नव्हता, त्याचे अस्तित्व त्यांनी निव्वळ तर्काने आणि रोग्यांच्या निरीक्षणाने ठरवले. पहिला पदार्थ, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, वेगळा काढता आला तो १९४८ साली. त्यावरून हा तर्क किती आधी केलेला होता ते कळेल.

१९३३ साली त्या लंडनला परतल्या, तरी हाफकिनशी संबंध तुटला नाही. पुढच्या संशोधनाला लेडी टाटा स्मारक निधीचेही साहाय्य मिळाले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजींनी हा निधी ठेवला होता. नोव्हेंबर १९३७ मध्ये विल्सबाई दहा आठवड्यांसाठी पुन्हा मुंबईला आल्या. या खेपेस त्यांनी पहिल्यांदाच विमानप्रवास केला. विमान म्हणजे पाण्यावर उतरणारी उडती बोट. साउदॅम्प्टनहून निघून मार्सेय, अथेन्स, अलेक्झांड्रिया, बसरा, बहारीन असे थांबे घेत, वाटेत पाच रात्री मुक्काम करून ते कराचीला पोचले, आणि तिथून पुढे त्या बोटीने मुंबईला आल्या.

विल्स घटकाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगायला हवे. १९४१ साली अमेरिकेत मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक टन पालक उकळून-गाळून त्यातून चिमूटभर पदार्थ मिळवला. पानातून मिळाला म्हणून लॅटिनमधल्या पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले. १९४५ च्या सुमारास लेडरली प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या बायकांच्या रोगातून ज्याचा माग लागला त्याची गोळी शेवटी एका हिंदी माणसाच्या देखरेखीखाली बनावी, हा योगायोग खरा, पण गोड आहे. शरीरात कोणतीही पेशी दुभंगून दोन व्हायची तर आधी तिच्यातले जनुकद्रव्य दुप्पट व्हावे लागते, आणि त्यासाठी फोलिक आम्ल लागते. ते नसेल तर अस्थिमज्जेतली पेशी नुसती फुगते, दुभंगत नाही. मोठ्या पेशींचे रहस्य ते हे. गर्भाच्या तर प्रत्येक अवयवात पेशी अहोरात्र दुभंगत असतात. तो आपला वाटा आईच्या रक्तातून ओढून घेतो, आणि आईचा साठा आधीच रिता असेल तर दोघेही उपाशी राहतात.

दुसऱ्या महायुद्धात विल्सबाई लंडनच्या आणीबाणी वैद्यकीय सेवेत होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलवर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, माणसे मेली, आणि त्यांच्या विभागाचे काम काही दिवस बंद पडले. युद्ध संपेतो विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली होती, आणि रक्तविज्ञानाचा पहिला स्वतंत्र विभाग तिथे त्यांनीच उभा केला. १९४७ साली निवृत्त झाल्यावरही त्या जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे देश हिंडून तिथल्या लोकांचा आहार आणि रक्तक्षय अभ्यासत राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही. डोंगर चढणे आणि बर्फावरून घसरत दूरवर जाणे हे त्यांचे छंद होते, आणि कामावर जाताना मोटारीऐवजी त्या सायकलच काढीत. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत त्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याच १९६४ साली हिबर्ड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने एक निबंध लिहून फोलिक आम्लाची उणीव आणि वार वेळेआधी सुटणे यांचा संबंध पुढे मांडला. येथून हा विषय रक्त कमी असण्यापलीकडे, रक्त गोठण्याच्या प्रश्नाकडे वळतो. गरोदरपणी बाईचे रक्त मुळातच लवकर गोठण्याकडे झुकते. बाळंतपणातला रक्तस्राव वेळेवर थांबावा म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज आहे. काही जणींमध्ये ती मर्यादेबाहेर जाते. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात, गर्भाला रसद कमी पडते, त्याची वाढ खुंटते, कधी मूल पोटातच जाते. अशा काही बायकांच्या रक्तात विशिष्ट प्रतिद्रव्ये असतात. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ साली या विकाराचे वर्णन केले, आणि आता अशा रुग्णांना थोडे ॲस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शने देऊन पुष्कळदा मूल वाचवता येते. पूर्वी अशी मुले जात तेव्हा बाईलाच पांढऱ्या पायाची म्हणत. दोष कुठे होता ते आता सूक्ष्मदर्शकाने सांगितले आहे.

फोलिक आम्लाचा धागा येथे असा येतो. शरीरात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ सतत तयार होत असतो आणि फोलिक आम्ल व बी-१२ मिळून त्याचा निकाल लावतात. ही दोन जीवनसत्त्वे कमी पडली की तो साठतो, आणि जास्त साठला की रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपाय होऊन गुठळ्या धरण्याकडे कल वाढतो. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या मुलांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडात ते ३.५ किलोच्या आसपास असते. ज्या माता पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा खात त्यांची मुले अंगाने भरलेली निघाली. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन अधिक त्यांची मुले लहान. पण गंमत पुढेच आहे. या मातांमध्ये फोलिक आम्लाची उणीव फारशी नव्हती. बहुसंख्य जणींना कमी पडत होते ते बी-१२, जे दूध-अंडी-मटणातच मिळते. विल्सबाईंनी कलेजीतून ज्या दोन पदार्थांची फारकत केली होती, त्यांतला दुसरा भाऊ येथे हजर झाला. शिवाय सर्व प्रश्न फोलिक आम्लाने सुटतात असेही नाही. मोठ्या मात्रेत ते दिल्याने गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार टळत नाही, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंत सरकली. विल्सबाईंनी ज्या बायकांची ताटे पाहिली त्यांच्या नाती-पणती आज सकाळच्या लोकलने उलट दिशेने मुंबई गाठतात, किंवा उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांसाठी घरी बसून धागे कापतात. देशभरात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भवतींपैकी ५२ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गर्भवतीला लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या फुकट देण्याची सरकारी योजना १९७० पासून आहे. २०१८ च्या अनीमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते आणि ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज घ्यायची असते. गोळीने मळमळते, पोट जड होते, शौचाला काळे होते, म्हणून अनेक जणी ती डब्यातच ठेवून देतात. मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, अशी भीती घालणाऱ्या शेजारणीही असतात. घरात ज्यांच्या बहिणी-वहिनी गरोदर आहेत त्यांनी तो डबा एकदा उघडून पाहावा.

आणखी एक गोष्ट आहे, तीही वेळेचीच. गर्भाच्या मेंदूची आणि पाठीच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आतच मिटते. फोलिक आम्ल त्या वेळी पुरेसे असेल तर ती उघडी राहण्याचा दोष बहुतांशी टळतो, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. त्या चाचणीत असे सुमारे ७२ टक्के दोष टळले. चौथ्या आठवड्यात पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. तेव्हा उपयोगी पडते ते आधीपासून घेतलेली गोळी आणि आधीपासून खाल्लेले अन्न. हरभरा, मूग, मटकी, चवळी यांत फोलेट आहे, आणि पालेभाज्यांत तर आहेच. फक्त भाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले तर त्यातले बरेचसे मोरीत जाते. पावसाळा लागला की पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुरडू, भारंगी यांच्या जुड्या घेऊन बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या स्टेशनांबाहेर बसतात. विल्सबाई आज येथे उतरल्या असत्या तर त्यांनी भाजीचा भाव नंतर विचारला असता. विकून उरलेल्या जुडीचे घरी काय होते आणि रात्री त्या स्वतः काय जेवतात, हे आधी विचारून वहीत टिपून घेतले असते.